सापाचं बटण

हेडफोन लावलेत ना? मग मॅपवर एक शहर शोधा: मिलवॉकी. शिकागोच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर, मिशिगन तळ्याच्या काठी. तळं म्हणायचं आपलं, पलीकडचा काठ दिसतच नाही. माझं लहानपण तिथलं. 1995 मध्ये आम्ही नाशिकला परत आलो, तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

लोक विचारतात, काय आठवतं? मला आधी वास आठवतो. शहराच्या मधोमध कारखान्यांची एक दरी होती, तिथे यीस्ट तयार व्हायचं. गाडीची काच बंद असली तरी वास आत यायचा. आई म्हणायची, कोणाचं तरी आंबोळीचं पीठ उतू गेलंय! मग दक्षिण भागातलं ते घड्याळ. 1962 पासून एका कारखान्याच्या मनोऱ्यावर चार तोंडांचं अवाढव्य घड्याळ आहे. 2010 मध्ये मक्केचं झालं, तोवर चार तोंडांचं एवढं मोठं घड्याळ जगात दुसरं नव्हतं. त्या भागात पोलंडहून आलेली बरीच कुटुंबं, म्हणून त्याला सगळे ‘पोलिश मून’ म्हणायचे. रात्री ते उजळायचं, पण टोल मात्र नाही द्यायचं. आमच्या घरी त्याचं नाव चांदोबा.

पण मला सांगायचंय ते म्युझियमचं. मिलवॉकी पब्लिक म्युझियममध्ये रानरेड्यांच्या शिकारीचा एक मोठा देखावा आहे. घोडे, धूळ, सगळं. त्यात कोपऱ्यात एक खुळखुळ्या साप बसलेला असतो, आणि बाजूला कुठेतरी एक लपवलेलं बटण असतं. ते दाबलं की सापाची शेपटी खुळखुळते. पाटी नाही, काही नाही. ज्याने त्याने आपल्या पोराला दाखवायचं, आणि पोराने ते गुपित म्हणून जपायचं. अख्ख्या शहराला माहीत असलेलं गुपित! मला बाबांनी दाखवलं होतं.

पाचवीत असताना, जानेवारीत, शाळेची सहल तिथे गेली. मी ऐटीत सगळ्यांना बटण दाबून दाखवलं. मग आम्ही खाली ‘जुन्या मिलवॉकीच्या गल्ल्यां’त गेलो. 1965 पासूनचा देखावा तो. आत कायम संध्याकाळ असते. दगडी रस्ता, मिणमिणते दिवे, दुकानं, आणि एका ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसलेली पुतळ्याची आजी.

तिच्या पलीकडे बाकावर बाबा बसले होते. कोट, टाय, मांडीवर डबा. मंगळवारी, सकाळी अकराला.

मी हाक मारली नाही. का, ते आजही सांगता येत नाही. रांगेत पुढे गेले, मान खाली घालून.

बाबांची नोकरी दिवाळीनंतरच गेली होती. घरी कोणी काही बोललं नाही. ते रोज सातला निघायचे, सहाला यायचे. आमच्याकडे म्युझियमचा वर्षाचा पास होता, बाहेर बर्फ, आत उबदार. आईला ठाऊक असणार, कारण शुक्रवारचं फ्रोझन कस्टर्ड तिने ‘घसा धरतो’ म्हणून बंद केलं होतं. मार्चमध्ये त्यांना दुसरीकडे काम मिळालं आणि कस्टर्ड परत सुरू झालं. माझा घसा एकदम बरा!

आता ते म्युझियम नव्या इमारतीत चाललंय, 2027 मध्ये उघडणार म्हणतात. त्या गल्ल्या जशाच्या तशा तिकडे जाणार नाहीत. हे वाचलं आणि मला फार लागलं. कोणीतरी टाकलेला सापाचा व्हिडिओ मिळाला, तो बाबांना व्हॉट्सअ‍ॅप केला. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत, एका बोटाने टाइप करतात. बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत होतं.

मग आलं: “त्या दिवशी तुझ्या हातात डबा नव्हता. जेवलीस का, हे विचारायचं राहूनच गेलं.”

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं.

मी लिहिलं, “जेवले होते बाबा. सगळ्यांचे डबे बाईंनी खोक्यात ठेवले होते.”