अतिचंचल मूल : दोष कोणाच्या माथी?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त आयोजित पालक मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



आपणासमोर दरवर्षी जमाखर्च मांडणे हे माझे काम. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. तरीही आज एका विषयावर बोलण्याची अनुमती मी मागून घेतली, कारण नोंदणी खिडकीमागे बसणाऱ्यास तो वारंवार दिसतो.

आई रांगेत उभी असते. सात-आठ वर्षांचा मुलगा बाकावर चढतो, उतरतो, केसपेपरांची चळत खाली पाडतो, दाराबाहेर धाव घेतो. रांगेतील मंडळी मुलाकडे कमी आणि आईकडे अधिक पाहतात. ‘लाडावून ठेवलाय’, ‘दोन ठेवून द्या, बसेल गप्प’ असे सल्ले येतात. माऊली मान खाली घालते. ती आलेली असते मुलाच्या कपाळावरच्या खोकेसाठी. टाके पडतात, पट्टी होते आणि दोघे घरी जातात. तो पुन्हा पुन्हा का पडतो, याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.

अशा काही मुलांच्या बाबतीत त्या कारणास वैद्यकशास्त्रात नाव आहे : अवधानाची कमतरता व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी. हा मोबाईलच्या युगाने आणलेला रोग आहे, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशाच मुलांचे वर्णन केले होते. बुद्धी सर्वसाधारण, परंतु स्वतःस आवर घालणे जमत नाही. जगभरच्या अभ्यासांत मुलांमधील प्रमाण साधारण ५ टक्के आढळते. चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले, असा त्याचा अर्थ. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सुनेच्या संगोपनाला नावे ठेवणाऱ्या आजोबांनी आपल्या मुलाचे बालपण एकदा आठवून पाहावे, असे मला नेहमी वाटते.

मात्र प्रत्येक खोडकर मूल या विकाराचे नसते. याची रक्ततपासणी नाही, एक्स-रेही नाही. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी असावी लागतात. म्हणून तज्ज्ञ शिक्षकांचेही म्हणणे विचारतात. मुलींच्या बाबतीत विशेष सावध राहावे. त्यांच्यात धावपळ पुष्कळदा नसते. मुलगी शांत बसून खिडकीबाहेर पाहत राहते आणि ‘ढ’ ठरून मागच्या बाकावर जाते.

आता घरातील व्यवहाराविषयी. येथे मला माझ्या विषयाची भाषा उपयोगी पडते. हे मूल रोखीने व्यवहार करते, उधारी त्याला समजत नाही. ‘वर्षअखेर चांगले गुण मिळव, सायकल घेऊन देतो’ ही फार लांबची हुंडी झाली. ‘दहा मिनिटे लिहिलेस, शाबास, आता अंगणात दोन फेऱ्या मार’ हे रोखीचे. सूचना एका वेळी एकच द्यावी. तीही स्वयंपाकघरातून ओरडून नव्हे, तर जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. अभ्यासाचे लहान तुकडे करावेत. मार देऊन मूल क्षणभर थांबते, पण स्वतःस आवरण्याची शक्ती त्यातून येत नाही. खोटे बोलणे तेवढे येते.

आपल्या गावी माऊलींच्या पालखीचा मुक्काम असतो. त्या गर्दीत असे मूल हात सोडून क्षणात दिसेनासे होते. पालकांनी त्याच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी अवश्य ठेवावी.

औषधाची भीती अनेकांना वाटते. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानला जातो. पुढे गरज भासल्यास तज्ज्ञ औषध देतात. मेथिलफेनिडेट हे त्यातील प्रमुख औषध. अनेक मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. भूक मंदावणे, झोप कमी होणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन-उंचीची नोंद ठेवावी लागते. ते नियंत्रित औषध असल्याने प्रत्येक दुकानात मिळत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत या विकाराचा समावेश आहे. पथके शाळेत येतात तेव्हा शिक्षकांनी अशा मुलाचे नाव आवर्जून सांगावे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांकही आहे. तथापि निदानासाठी सोलापूर वा पुणे गाठावे लागते. दोन्ही शहरे शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत आणि एका खेपेत काम होत नाही. ऊसतोडीवर वा रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाचा दोघांचा रोज बुडतो, वर एस. टी. चे भाडे. दुसऱ्या खेपेलाच ही कुटुंबे गळतात.

आणखी एक बाब नमूद करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. केवळ अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र असतात. म्हणून निदानाच्या वेळी वाचन-लेखनाचीही तपासणी मागावी. परीक्षेतील सवलतीसाठी तो कागद लागतो.

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, गरीब रुग्ण साहाय्य निधीतून अशा मुलांच्या व सोबतच्या एका पालकाच्या प्रवासखर्चाची तरतूद करावी आणि बालमानसोपचार तज्ज्ञांनी महिन्यातून एक दिवस येथे यावे, यासाठी पत्रव्यवहार सुरू करण्यास अनुमती द्यावी. खोली उपलब्ध आहे. खर्चाचा अंदाज मी सोबत जोडला आहे.