समुद्रापलीकडचा पितृपंधरवडा

कंबोडिया देशांतील ख्मेर लोकांचीं हजारों कुटुंबें आज अमेरिकेंत, कॅलिफोर्निया राज्यांतील लाँग बीच या शहरीं राहतात. तेथील ॲनाहाइम रस्त्यालगतच्या टापूस २००७ सालीं ‘कंबोडिया टाउन’ असें नांवहि मिळालें. पण यांतील बहुतेक वडीलधारीं माणसें हौसेनें अगर द्रव्याच्या ओढीनें तिकडे गेलेलीं नाहींत. १७ एप्रिल १९७५ रोजीं ख्मेर रूज पक्षाच्या सैन्यानें नॉम पेन्ह राजधानी घेतली आणि सारें शहर रिकामें करविलें. ती राजवट ७ जानेवारी १९७९ पर्यंत टिकली. तेवढ्या अवधींत उपासमार, रोग, अतिश्रम आणि कत्तल यांनीं सुमारें सतरा लाख जीव गेले. जे वांचले त्यांतील पुष्कळजण थायलंडच्या सरहद्दीवरील छावण्यांतून अमेरिकेस पोंचले.

अशा एखाद्या घरांत शिरतांना प्रथम जोडे दाराबाहेर काढावे लागतात. आंत भात शिजत असतो, आणि जवळच झांकण घट्ट लावलेली ‘प्रहोक’ची बरणी असते. प्रहोक म्हणजे मीठ लावून मुरविलेल्या मासळीचा लगदा. त्याचा वास शेजाऱ्यापाजाऱ्यांस सोसवत नाहीं. पण त्यावांचून ख्मेर माणसाचें जेवण पुरें होत नाहीं. आल्यागेल्यास कुशल विचारावयाचें तें “भात खाल्ला का?” अशाच शब्दांत. थोरामोठ्यांस ‘सम्पेआ’ करावयाचा, म्हणजे हात जोडावयाचे. बरोबरीच्यास ते छातीपाशीं, वडिलांस व शिक्षकांस नाकापाशीं, भिक्षूंस भिवयांपाशीं. हात किती उंच न्यावे हें पोरांस वळण म्हणून शिकवितात. लहान मुलाच्या मस्तकास परक्यानें हात लावूं नये, आणि वडिलांकडे पाय पसरून बसूं नये.

परंतु या घरांतील खरी ओढाताण चालते ती संबोधनांवरून. वडील भावंडास, मग तो भाऊ असो वा बहीण, ‘बाँग’ म्हणतात; काकास ‘पू’, मावशी-आत्यास ‘मिंग’, आजोबांस ‘ता’, आजीस ‘येय’. आपण भाजीवालीस मावशी म्हणतों, तसेंच तेहि नात्यागोत्याबाहेरच्या माणसांस याच नांवांनीं हांक मारतात. इंग्रजी शाळेंतून आलेला नातू मात्र सर्वांस एकच ‘यू’ लावतो. आजी त्यावर चिडते, आणि तिचें चिडणें हा केवळ म्हातारपणाचा हट्ट नव्हे. ख्मेर रूजच्या काळांत हीं सारीं संबोधनें काढून टाकून, लहानथोर सर्वांस ‘मित’ म्हणण्याची सक्ती होती. हा शब्द संस्कृत ‘मित्र’ याचाच अपभ्रंश! इतका गोड शब्द इतक्या कडू कामीं क्वचितच लागला असेल. पोटचें पोरहि बापास मित म्हणूं लागलें. घरची चूल बंद होऊन सर्वांस सामुदायिक भोजनगृहांत जेवावें लागलें, भिक्षूंचीं चीवरें उतरविलीं गेलीं, विहार कोठारांच्या आणि तुरुंगांच्या कामीं लागले. शिष्टाचार म्हणजे वरवरची रंगरंगोटी, असें समजणारांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

वर्षाच्या सणांत दोन मोठे. पहिला एप्रिलच्या मध्यांत येणारें नववर्ष. त्याचा पहिला दिवस ‘महासंक्रांत’ म्हणूनच ओळखला जातो. दुसरा ‘प्चुम बेन’. यांतील ‘बेन’ हा शब्द ख्मेर लिपींत ‘पिण्ड’ असाच लिहितात, मात्र उच्चारतात बेन. सणाचा महिना ‘फोत्रबोत’, म्हणजे आपला भाद्रपद. त्याच्या वद्य पक्षाचे पंधरा दिवस हा पितरांचा काळ, आणि शेवटचा दिवस सर्वांत मोठा. आपल्याकडील सर्वपित्री अमावास्या डोळ्यांपुढें आणली म्हणजे पुरे.

समजूत अशी कीं, या दिवसांत प्रेतलोकाचीं दारें उघडतात. ज्यांचीं तोंडें सुईच्या छिद्राएवढीं आहेत असे भुकेले प्रेतात्मे आपल्या वंशजांचें अन्न शोधीत सात विहार हिंडतात. तें न मिळाल्यास शाप देतात. त्यांना उजेड सोसत नाहीं, म्हणून पहांटेच्या काळोखांतच विहाराभोंवतीं भाताचे पिंड टाकावयाचे असतात.

कॅलिफोर्नियांतील कित्येक ख्मेर कुटुंबांचा धंदा ‘डोनट’ नांवाच्या तळलेल्या गोड कड्यांचा. त्याचें पीठ मध्यरात्रीं मळावें लागतें, आणि पिंडदानाच्याच वेळीं कढई तापलेली असते. मुलगा व सून दुकान सोडूं शकत नाहींत. मग पंधरा पहांटांपैकीं एखादी, तीहि सुटीच्या वारीं, साधते. केळीच्या पानांत चिकट तांदूळ गुंडाळून शिजविलेले ‘अन्सोम’ आदल्या रात्रीं आजी बांधून ठेवते. बट्टंबाँगच्या शेतांत मेलेल्या माणसास हा दूरदेशचा विहार कसा सांपडणार, हें सून विचारते. आजी उत्तर देत नाहीं.

विहारांत मृतांच्या नांवांची यादी भिक्षूंस द्यावयाची असते. आईबाप, दोन भाऊ, हीं नांवें लगेच होतात. घोळ पडतो तो नवऱ्याच्या नांवाशीं. १९७७ सालीं त्याला रात्रीं बोलावून नेलें. प्रेत कोणीं पाहिलें नाहीं, मृत्यूची तिथि ठाऊक नाहीं. नांव यादींत घातलें तर तो गेला असें आपल्याच हातानें लिहून दिल्यासारखें होतें. न घातलें आणि तो खरोखरच गेलेला असला, तर पितरांच्या पंक्तींत तो उपाशी राहणार. या भीतीनें अनेक घरांतील बायका वर्षानुवर्षें एक नांव ओंठांवर आणून परत गिळीत आल्या आहेत. शोध करावा तर पत्ता नाहीं, विचारावें तर साक्षीदार नाहीं.

अखेर एका वर्षीं आजी तें नांव सांगते. नातवास ख्मेर अक्षरें येत नाहींत, म्हणून तो रोमन लिपींत लिहितो. शेजारीं बसलेला एक वृद्ध त्याच्या हातची लेखणी घेऊन तेंच नांव खालीं ख्मेर अक्षरांत उतरवितो, आणि कागद भिक्षूंकडे जातो. “हा कोण?” असें नातू विचारतो. “तुझा ता,” आजी म्हणते. मुलगा तो शब्द एकदां मोठ्यानें उच्चारून पाहतो.