प्रवासातले पोट आणि मीठ-साखरेचे पाणी

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला इंजिनिअर. पण आमच्या घरी एक चूक झाली, म्हणून बोलतो.

काही वर्षांपूर्वी आत्या गणपतीसाठी पुण्याहून गाडीने आली. वाटेत एका स्टेशनवर कापलेली फळे खाल्ली. दिल्लीत उतरल्यावर जुलाब सुरू झाले. "पोटाला आराम हवा" म्हणून आम्ही तिचे पाणीही कमी केले. दुसऱ्या दिवशी जीभ कोरडी, लघवी बंद, उठताना चक्कर. सलाईन लावावे लागले.

हा आजार दूषित पाणी, उघडे अन्न आणि अस्वच्छ हातांतून होतो. बहुतेक वेळा ई. कोलाय जातीचे जंतू कारण असतात. कधी शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर किंवा नोरोव्हायरस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या तपासणीत हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता.

उपाय स्वस्त आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. साखर आतड्यात मिठाला आणि पाण्याला सोबत ओढून घेते, एवढेच त्यातले शास्त्र.

ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे (चहाचे) साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. खिचडी, दहीभात चालू ठेवा. तान्ह्याला अंगावरचे दूध तोडू नका. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. अशा वेळी, लघवी कमी झाली, ग्लानी आली किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर लगेच डॉक्टर गाठा. लहान मुले आणि वृद्धांच्या बाबतीत तर वाट पाहूच नका.

आता आमच्या खात्याचे. डब्यातल्या बेसिनचे पाणी हात धुण्यासाठी असते, पिण्यासाठी नाही. घरचे पाणी न्या, किंवा सीलबंद बाटली घ्या आणि सील तपासा. खायचे ते गरम, फळ सोलून. जेवणाआधी साबणाने हात धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही.

प्रवासाच्या पिशवीत दशम्या-चटणीबरोबर ओआरएसची दोन पाकिटे टाका. आत्या आता टाकते.

गणपती बाप्पा मोरया!