फोन उचलणार कोण?

(वार्षिक सभेतलं भाषण)

तायांनो, आपल्या दूध संकलन केंद्रावरच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचंय.

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. फॅट कमी लागली की दर उतरतो. हा हिशोब सॉफ्टवेअर करतं, दहा दिवसांचं बिलही तेच काढतं. गेल्या महिन्यात बिलाच्या आदल्या दिवशी ते उघडेचना. कंपनीला फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा, मग नुसतं गाणं. तिसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तक्रार नोंदवलीय." नोंदवून काय करू? पेंडवाला उधारीला थांबतो का? विकायला आले तेव्हा मात्र दोनदा चहाला बसले होते!

शेवटी बिलं निघाली ती सचिवताईंच्या वहीवरून. रोज दोन्ही वेळचं लिटर, फॅट, एसएनएफ त्या हातानं लिहितात. ती वही बंद करायची नाही.

आता करार नव्यानं करायचाय. पैसे भरण्याआधी लेखी घेऊ: बंद पडलं तर किती तासांत माणूस बोलणार, किती दिवसांत दुरुस्ती होणार, आणि कंपनी बदलली तर आपली सगळी माहिती परत मिळणार का.

आणि हो, फोन लागत नाही म्हणून गूगलवर नंबर शोधू नका. तिथं खोटे कस्टमर केअरवाले असतात; ॲप टाकायला लावतात, ओटीपी मागतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

कराराचा कागद इथं टेबलावर आहे. सहीआधी माझ्यासोबत वाचायला कोण कोण बसतंय?