ज्ञानदानात घराघराचा वाटा



जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांतील शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. या दानाला द्रव्य लागतेच. परंतु त्याहून अधिक लागतो तो वेळ. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाजवळ रोज तासभर बसणारा दादा किंवा ताई लाभली, तर त्याच्या आयुष्याला वळण मिळते.

यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने ‘बालसखी’ उपक्रम चालविला. वस्तीतीलच तरुणी थोडे प्रशिक्षण घेऊन तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची पाहणी केली. सर्वांत मागे असलेल्या मुलांनाच त्याचा सर्वाधिक लाभ झाल्याचे दिसून आले.

मग असे दादा-ताई समाजातून पुढे कसे यावेत? केवळ सभा आणि पत्रके यांनी हे साधत नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत याचा अभ्यास झाला. काही गावांत शाळेविषयी माहिती देणाऱ्या सभा झाल्या. काही गावांत ग्रामस्थांनी स्वतः मुलांचे वाचन तपासले. तरीही शाळेच्या कारभारातील लोकसहभाग वाढला नाही. मात्र जेथे तरुणांना वाचनवर्ग कसा घ्यावा हे शिकविले, तेथे स्वयंसेवक पुढे आले आणि वर्गांना येणारी मुले वाचू लागली. परंतु गावातील सुमारे ८ टक्केच मुले त्या वर्गांपर्यंत पोहोचली. वर्ग भरविणे हे अर्धे काम. मुलाच्या घराचा उंबरठा ओलांडून आईवडिलांशी बोलणे हे उरलेले अर्धे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उभे केले. गावोगाव हिंडून ते मुले गोळा करीत. त्यांच्या ‘मुष्टिफंडा’साठी गृहिणी मूठभर धान्य बाजूला काढीत. त्या मुठीमुळे वसतिगृहातले परके मूल त्या घराचे झाले. लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिनेही दिले.

आज प्रत्येक घरी धान्याच्या मुठीऐवजी वेळेची मूठ काढता येईल. महाविद्यालयीन युवकाने आठवड्यातील दोन संध्याकाळी एका मुलाला द्याव्यात. निवृत्त शिक्षकांनी त्या युवकांना शिकविण्याची रीत दाखवावी. श्राविकांनी शेजारच्या आईला भेटून तिचे मूल वर्गाला आणावे. मग ते कोणत्याही समाजाचे असो. व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी वाढत्या मुलांना आपल्या व्यवसायाची ओळख करून द्यावी.

ऐकलेले भाषण विसरले जाते. हाती घेतलेले मूल विसरता येत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी प्रत्येक घराने एका मुलाचे नाव मनाशी ठरवूनच येथून निघावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!