कडी न लावलेलं दार

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘म्हातारा खेळाडू आणि त्याचा संघ’ असा छापलाय. खेळात पस्तिशीलाच म्हातारपण येतं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी मनाला लावून घेऊ नये.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा असते. तिथे फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात आणि जवळजवळ प्रत्येक चाल या एका माणसाच्या हातून सुटते. ब्रेट फार्व हा ग्रीन बे पॅकर्सचा असा हुकमी माणूस. १६ हंगाम खेळला आणि मार्च २००८मध्ये डोळ्यांत पाणी आणून निवृत्त झाला. उन्हाळा सरायच्या आत ‘मला परत खेळायचंय’ म्हणत तोच दारात उभा! तोवर ॲरन रॉजर्स नावाचा पोरगा तीन हंगाम बाकावर बसून होता. संघाने ऑगस्टमध्ये फार्वला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडून दिलं. पुढे २०२३च्या सुरुवातीला तोच रॉजर्स ३९ वर्षांचा होता. खेळावं की थांबावं, हे उमगावं म्हणून तो काही दिवस अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला. बाकावर तीन हंगाम काढलेला जॉर्डन लव्ह तयार होता. संघाने रॉजर्सलाही पाठवलं, तेही जेट्सकडेच. सासूने भोगलं ते सुनेच्या वाट्याला आलं म्हणा.

आता प्रवरेच्या पाण्यावर या. आपल्या जिल्ह्याने भारताला दोन मोठे क्रिकेटपटू दिले, श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. (टाळ्या नंतर वाजवा, मी कौतुक करायला उभा नाही.) दोघांच्याही उतरणीला ही अंधारी खोली आली. फरक एवढाच की झहीर आपल्या खोलीतून बाहेर आला. अजिंक्यच्या खोलीची किल्ली दुसऱ्यांकडे होती.

झहीरचं थोडक्यात सांगतो. २०११च्या विश्वचषकात २१ बळी, आणि त्याच वर्षी लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावून मैदानाबाहेर. २०१२च्या अखेरीस कोलकात्याच्या कसोटीनंतर त्याला वगळलं. वर्षभराने तो परत आला आणि जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेच्या कॅलिसला बाद करून त्याने ३०० कसोटी बळी पुरे केले. फेब्रुवारी २०१४मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या मॅकलमने ३०२ धावा कुटल्या. त्या डावात ३५ वर्षांच्या झहीरने ५१ षटकं टाकली. एक्कावन्न! पाच बळीही घेतले. त्यानंतर तो कसोटी खेळला नाही, पण ‘थांबलो’ असंही म्हणाला नाही. वीस महिने असेच गेले. ऑक्टोबर २०१५मध्ये नव्या हंगामाची तयारी करताना त्याच्या लक्षात आलं, की दिवसाला १८ षटकं टाकायचा भार आता खांदा सोसणार नाही. मग त्याने जाहीर करून टाकलं. त्यातही आयपीएलपुरती फट ठेवलीच. तेवढी हौस माणसाला माफ असावी.

माझं भांडण खेळाडूच्या घुटमळण्याशी नाहीच. आयुष्यभर जे हाताला जमत आलं ते उद्या जमणार नाही, हे हाताला सर्वांत शेवटी कळतं. आपल्याकडे म्हातारा सातबारा पोरांच्या नावावर करतो आणि पहाटे वीज आली की मोटारीचं बटण दाबायला स्वतःच विहिरीवर जातो. घरातले हसतात, कुणी रागावत नाही. (कारखान्याच्या चेअरमनबद्दल मी बोलत नाहीये. हसू नका.) पण पोरांनीच बापाला एक दिवस ‘तुम्हीच बघा सगळं’ म्हणावं आणि दुसऱ्या दिवशी न विचारता ऊस तोडायला लावावा, हे वेगळं. अजिंक्यच्या बाबतीत असंच झालं.

ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ॲडलेडला ३६ धावांत भारताचा सगळा संघ गारद झालेला, कर्णधार कोहली मायदेशी परतलेला. अशा वेळी मेलबर्नला ११२ धावा काढून सामना जिंकणारा आणि मालिका २-१ने खेचून आणणारा हा कप्तान. पुढच्याच वर्षी त्याची बॅट आटली, कसोटीतली वर्षाची सरासरी विशीच्या आसपास आली. डिसेंबर २०२१मध्ये उपकर्णधारपद गेलं, फेब्रुवारी २०२२मध्ये पुजारा, साहा, इशांत यांच्यासोबत त्यालाही वगळलं. मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. दार लावलं होतं, वाईट वाटलं तरी कळत होतं.

पण कडी लावली नव्हती. श्रेयस अय्यरची पाठ दुखावली, अजिंक्यची चेन्नईकडून आयपीएलमध्ये बॅट तळपली, आणि जून २०२३मध्ये तो ओव्हलवर कसोटी विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात उभा होता. भारत ६ बाद १५२. बोटावर कमिन्सचा चेंडू बसलेला. शार्दूल ठाकूरसोबत १०९ धावांची भागी, स्वतःच्या ८९, दुसऱ्या डावात ४६. भारत सामना हरला, पण माणूस परत आला. लगेच वेस्ट इंडीज दौऱ्यावर उपकर्णधार! तिथे दोन डावांत ३ आणि ८. पुढच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर नावच नाही. म्हणजे जुलैमध्ये उपकर्णधार आणि डिसेंबरमध्ये संघाबाहेर. ८५ कसोटी, ५०७७ धावा, १२ शतकं, हे आकडे तिथेच थांबले. जुलै २०२५मध्ये लॉर्ड्सवर मुलाखतीत त्याने सांगितलं, की अजून कसोटी खेळायची इच्छा आहे, निवड समितीशी बोलायचा प्रयत्न केला, उत्तर आलं नाही.

ग्रीन बेवाल्यांना निष्ठुर म्हणा, पण फार्वला कळलं होतं की आता आपली जागा रॉजर्सची आहे. त्याला चिडता आलं, भांडता आलं, दुसऱ्या संघाची जर्सी घालता आली. आपल्याकडे कुणी ‘थांबा’ म्हणत नाही, ‘या’ही म्हणत नाही. पस्तिशीच्या फलंदाजाला आशेवर ठेवणं निवडणाऱ्यांना सोयीचं पडतं, कारण वाईटपणा घ्यावा लागत नाही. मग घुटमळला म्हणून बोल मात्र त्यालाच.

पुढच्याला स्पष्टपणे जागा मोकळी करून देण्याचं हे काम मुंबईत अजिंक्यने स्वतः करून दाखवलं. २०२३-२४मध्ये त्याच्याच हाताखाली मुंबईने ४२वा रणजी करंडक जिंकला. ऑगस्ट २०२५मध्ये, नवा कर्णधार घडवायची हीच वेळ आहे असं सांगून त्याने कप्तानी सोडली. खेळणं सोडलं नाही. पद शार्दूल ठाकूरकडे गेलं, ओव्हलवर ज्याच्यासोबत १०९ धावा जोडल्या त्याच शार्दूलकडे. ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडविरुद्ध अजिंक्यने त्याच्या हाताखाली १५९ धावा काढल्या.