मॅजेस्टिक नावाचं थिएटर होतं

कानाला हेडफोन लावा, गाडी चालवत असाल तर एकच लावा, आणि चला गिरगावात.

'मॅजेस्टिक गप्पा' हे नाव ऐकलंय? पार्ल्यात लेखकांच्या मुलाखती होतात त्या. किंवा 'मॅजेस्टिक प्रकाशन' हे एखाद्या पुस्तकावर छापलेलं? आमच्या घरातल्या निम्म्या पुस्तकांवर आहे. पण मराठी पुस्तकांशी इतकं जोडलेलं नाव इंग्रजी का, हा प्रश्न मला कॉलेज संपेपर्यंत पडलाच नव्हता. उत्तर सोपं आहे. १९४२ साली कोठावळे यांनी गिरगावात पुस्तकांचं दुकान थाटलं, ते मॅजेस्टिक सिनेमाजवळ. थिएटरचं नाव दुकानाला मिळालं. थिएटर पाडलं, नाव मात्र पुस्तकांवर बसून ठाणे-दादरपर्यंत पोचलं.

हे थिएटर कोणाचं? अर्देशीर इराणी आणि अब्दुलअली युसुफअली या दोन भागीदारांचं. १९१८ च्या सुमारास त्यांनी ते बांधलं, म्हणजे मूकपटांच्या काळात. तेव्हा पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची. मधे पाटी यायची, ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला वाचून दाखवायचा. पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसायचे. 'शांतता राखा' वगैरे भानगड नव्हती, कारण राखून ऐकायचं काय?

आणि मग १४ मार्च १९३१. मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. भारतातला पहिला बोलपट, आणि काढला खुद्द मालक इराणींनीच. दुपारी तीनचा पहिला खेळ, पण गर्दी सकाळपासून. रांग लावायची पद्धतच नव्हती, सगळे एकदम तिकीट खिडकीवर! पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं, असं खुद्द युसुफअलींनी नंतर सांगितलं आहे. आपण कॉन्सर्टच्या तिकिटांसाठी ॲपवर रडतो ना, त्याची ही पणजी.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, कारण मीही शेवटी आवाजच रेकॉर्ड करतो. स्टुडिओ रेल्वे रुळांना लागून होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. आवाज थेट चित्राबरोबर त्याच फिल्मवर उमटत होता. नंतर डबिंग करू, ही सोयच नाही. मग शूटिंग कधी? रात्री गाड्या थांबल्या की. माईक सेटमध्ये लपवायचे आणि वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसवायचे. वजीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत जे गाणं म्हटलं, ते पेटी आणि तबल्यावर, तिथल्या तिथे. मी हा भाग घरात पहाटे रेकॉर्ड करतोय, कारण दिवसा खाली भाजीवाला ओरडतो. नव्वद-पंचाण्णव वर्षांत नेमकं काय बदललं, सांगा!

नायक मास्टर विठ्ठल, मूकपटातले स्टंट हिरो. त्यांचे हिंदी-उर्दू उच्चार जमेनात, म्हणून सिनेमात त्यांना बराच वेळ बेशुद्ध ठेवलं, असं म्हणतात. खरंखोटं पडताळायला सिनेमा पाहायला हवा, आणि तिथेच गाडी अडते. ते पुढे सांगतो.

त्याआधी मराठी. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ ला, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' याच मॅजेस्टिकमध्ये लागला. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे. चाळींमधून गिरगावकर आले असतील, आणि पडद्यावरची माणसं त्यांच्या घरातली भाषा बोलायला लागली! मला हा क्षण 'आलम आरा'पेक्षा मोठा वाटतो. तुम्हाला नाही वाटला तर कमेंटमध्ये भांडा.

आज तिथे काय आहे? सत्तरच्या दशकात थिएटर पाडलं, आणि आता त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. दक्षिण मुंबईतली इतकी मोक्याची जागा, दिवसाला तीन-चार खेळ दाखवून किती कमावणार? गाळे विकले की हिशेब जुळतो. मला राग नाही येत, मालकाच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. जवळच, सँडहर्स्ट रोडवर, जिथे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लागला, ते कोरोनेशनही नाही. म्हणजे पहिल्या भारतीय कथापटाचं थिएटर गेलं आणि पहिल्या बोलपटाचंही, दोन्ही एकाच गिरगावातली.

आणि सिनेमा? 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही. २००३ मध्ये पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला आग लागली तेव्हा जळाली, असं नेटवर सर्रास सापडेल. चूक. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी स्पष्ट सांगितलंय की प्रत त्यांच्या हाती कधी आलीच नव्हती. ते इराणींच्या घरीही गेले होते. नंतर इराणींच्या मुलाने त्यांना सांगितलं की रिळांमधली चांदी काढून घेऊन ती निकालात काढली.

चांदी, हो. जुन्या कृष्णधवल फिल्मवर चांदीचाच थर असे. म्हणजे आपल्या पडद्यावरचे पहिले संवाद वितळवून कुणी कुठेतरी विकले. एखाद्या जुन्या वाटीत, पैंजणात असतील आता, काय माहीत! उरलंय ते पोस्टर आणि काही फोटो. गाण्यांचं सुद्धा नुसतं वर्णन उरलंय.

थिएटरचंही तसंच होतंय. जे मॅजेस्टिकमध्ये बसून सिनेमा पाहायचे ते आता सत्तरीच्या पुढचे. तुमच्या घरी, चाळीत, व्हॉट्सॲपवरच्या फॅमिली ग्रुपवर असं कुणी असेल तर आज फोन करा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून बोला. 'कसं होतं?' असं विचारू नका, 'छान होतं' एवढंच मिळेल. विचारा, तिकीट केवढ्याला होतं, कुठल्या दारानं सोडायचे, मध्यंतरात काय खायचे, पंखे किती आवाज करायचे. तुमचं स्वतःचं पाडलेलं थिएटर असेल, मिरजेचं, अकोल्याचं, बेळगावचं, तर त्याचं पाठवा. दोन मिनिटांची व्हॉइस नोट चालेल, मागे कुकरची शिट्टी असली तरी चालेल. निवडक आवाज पुढच्या भागात लावतो.